भिवरा, घेऊ का?

तुम्ही आत्ता ज्या काठावर पाय सोडून बसला आहात, तो वैजनगरचा थोरला हौद. आठ कोनांचा, काळ्या दगडाचा, बारा महिने भरलेला. मघाशी तुमच्यातल्या दोघांनी त्यात बाटल्या बुडवल्या, एकाने तोंड धुतलं. धुवा, हरकत नाही, पाणी चांगलं आहे. पण ती हिरव्या लुगड्यातली म्हातारी बघा, कळशी घेऊन आलेली. आता वाकली. कळशीचा काठ पाण्याला टेकवला आणि थांबली. ओठ हलले. मग कळशी बुडवली. ती जे पुटपुटली ते या हौदावर पाणी भरणारं प्रत्येक माणूस पुटपुटतं. कॉलेजची पोरं पुटपुटतात, रिक्षावाले पुटपुटतात, लग्नाच्या स्वयंपाकाला पिंप भरून नेणारे आचारीसुद्धा पुटपुटतात. "भिवरा, घेऊ का?" एवढंच. विचारायचं आणि भरायचं.

तिकडे पाटी लावली आहे, तीवर लिहिलंय की ही जलदेवतेबद्दलची शहराची कृतज्ञता आहे. पाटी लिहिणारा बाहेरगावचा होता, त्याला मी माफ केलंय. गावातल्यांना मात्र नाही करत.

मी हणमंत सातझरकर. एकतीस वर्षं या शहराच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होतो. कुठल्या पेठेला किती वाजता पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे माझ्या हातात होतं. म्हणजे चावी माझ्या हातात आणि हुकूम वरच्यांचा. आता निवृत्त आहे, म्हणून तुमच्यासारख्यांना धरून बसवतो. ही गोष्ट माझ्या आजीने मला सांगितली, तिला तिच्या आजीने. पोथीत सापडणार नाही. ज्यांच्याकडे पोथ्या लिहिण्याचं काम होतं, त्यांना ती लिहिण्यात रस नव्हता.

असं सांगतात की वैजनगरात तेव्हा सगळं होतं. तट होता, पाच वेशी होत्या, कासार पेठ, तांबट पेठ, घोड्यांचा बाजार. पाणी तेवढं नव्हतं. विहिरी खणाव्यात तर पाणी मचूळ लागायचं, डाळ शिजायची नाही. त्या वेळी शहराचा जो धनी होता त्याला आम्ही नुसतं 'सरकार' म्हणतो. नाव कोणी सांगत नाही, मीही सांगणार नाही. त्याच्या नावाची वेस आहे, ते त्याला पुरे.

शहरापासून तीन कोसांवर तो डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याला सातझरी नावाचं गाव होतं. बहुतेक घरं कुंभारांची. डोंगरातून सात झरे उतरायचे आणि गावाच्या माथ्यावर एकत्र व्हायचे. पाणी इतकं गोड की सातझरीची मुलगी दुसऱ्या गावात दिली तर पहिले सहा महिने तिथल्या पाण्याला नाकं मुरडायची, आणि सासरची माणसं तिला त्यावरून चिडवायची म्हणे.

सरकारचे कारभारी होते चिंतोपंत. गोड बोलणारा माणूस. ते सातझरीला आले, पाटलाच्या ओसरीवर बसले आणि झरे मागितले. झऱ्यांना बांध घालायचा, तळं करायचं आणि तिथून जमिनीखालून खापराच्या नळांनी पाणी शहरात न्यायचं, असा बेत होता. जोर करून घेता आले असते, पण चिंतोपंतांनी मागितले, हे मी मान्य करतो.

सातझरीचा राणोजी पाटील म्हणाला, "पंत, पाणी देतो. पर बांधात दोन तोंडं ठेवायची. एक तुमच्या शहराचं, एक आमच्या गावाचं. आन् आमचं तोंड तुमच्या तोंडाच्या हातभर खाली पाहिजे."

"खाली का?" पंतांनी विचारलं.

"तळं आटाय लागलं तर आधी तुमचं पाणी तुटंल, मग आमचं. झरे आमचे हाईत."

पंत हसले आणि कबूल झाले. सरकार स्वतः आले. झऱ्याच्या पाण्यात उजवा हात बुडवून त्यांनी शपथ घेतली की जोवर माझ्या शहराला या पाण्याचा एक थेंब मिळतो आहे, तोवर सातझरीचं तोंड बंद होणार नाही. गावाने हे ऐकलं आणि झरे दिले. ते तोंड केवढं होतं, तर मुठीएवढं. सबंध गावाचा वाटा एका मुठीचा. त्यावर माणसं, गुरं, मळे आणि कुंभारांची माती, सगळं भागायचं होतं, आणि भागतही होतं.

आता भिवरा.

भिवरा सातझरीचीच कुंभारीण. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, घरात एक म्हातारी आई, सोनाई, डोळ्यांनी अधू. कुंभाराच्या घरात बाईने चाकाला हात लावायचा नसतो. माती तुडवावी, राख चाळावी, भांडी भाजायचा आवा रचावा, पण चाक पुरुषाचं. मग पोट कसं भरायचं? भिवराने बाभळीचा एक गोल ओंडका तासून घेतला आणि त्याच्यावर माती थापून ओंडका ओढून काढला. आत पोकळ नळ राहिला. चाकाला हात लागला नाही आणि कोणाला बोलायला जागा राहिली नाही. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. एकाचं तोंड दुसऱ्याच्या पोटात बसायचं. चाकावरच्या नळाला वळ राहतात आणि त्यांत गाळ अडकतो. तिचा नळ आतून काचेसारखा. पंतांबरोबर आलेल्या मिस्त्रीने तो बघितला आणि शहराचं सगळं काम तिला दिलं.

नळ पुष्कळांना करता येतात, पण सांधा तिचाच. कळीचा चुना, बारीक कुटलेली वीट, गूळ, हिरड्याचं पाणी, तागाचे तुकडे आणि जवसाचं तेल. बैलाच्या घाणीवर हे आठ दिवस दळायचं, मग सांध्यात ठासायचं. सांधा भरला की नळात पाणी सोडायचं आणि वरून कोरडी राख भुरभुरायची. राख जराशी जरी काळी पडली, ओलावली, तर सांधा फोडून पुन्हा. मिस्त्री म्हणायचा, "अगं बाई, जमिनीत पुरायचंय, कोण बघणार आहे?" ती म्हणायची, "पाणी बघंल की." तीन कोस, तीन वर्षं. हजारो सांधे, आणि प्रत्येक सांध्यावर तिची चिमूटभर राख. पाण्यात राहून तो सांधा वर्षावर्षाला घट्ट होत जातो. तो कच्चा असतो पहिले आठ-दहा दिवसच. तेवढ्यात छिन्नीने फुटला तर फुटला.

हे आठ-दहा दिवस लक्षात ठेवा.

पाणी या हौदात पहिल्यांदा पडलं तेव्हा म्हणे सगळं शहर लोटलं होतं. भिवराला लुगडं-चोळी दिली आणि या, तुमच्या डाव्या हाताच्या पायरीवर बसवलं. ती विधवा, म्हणून ओटी भरायला बायका बिचकत होत्या. कासार पेठेतली ठमाबाई पुढे झाली. हौदातलं पहिलं पाणी तिने ओंजळीत घेतलं आणि भिवराच्या ओंजळीत ओतलं. "घे गं माय, तुझंच आहे," म्हणाली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं सांगतात. शहराच्या डोळ्यांत पाणी लगेच येतं, तेव्हाही येत होतं.

पुढची बारा वर्षं बरी गेली. मग सरकारच्या लेकीचं लग्न निघालं. वैशाखातलं. हत्ती, घोडे, पाहुणे, बागेत कारंजी, आणि हौदाला तर काठोकाठ पाणी दिसायला हवं. पाणी पुरेना. चिंतोपंत पुन्हा पाटलाच्या ओसरीवर येऊन बसले.

"पाटील, आठ दिवसांचा प्रश्न आहे. तुमच्या तोंडाला नुसता बोळा मारू. लग्न उरकलं की नवव्या दिवशी मोकळं."

शपथ कोणालाच आठवली नसेल असं नाही. पण राणोजी पाटील मोठ्या मनाचा. तो म्हणाला, "पंत, लेक जशी सरकारची तशी आमची. न्या पाणी. आठ दिस आम्ही रांजणातलं पिऊ." गाव हरखून गेलं होतं. आपल्या पाण्यावर राजाच्या लेकीचं लग्न होणार! बायकांनी तर लग्नाची गाणी म्हटली म्हणे, घरोघरी रांजण भरून ठेवताना.

तळ्याच्या बांधाला आतून विहिरीसारखा एक गोल बुरूज आहे. त्याला तळ्याच्या बाजूने खिडकी आणि आत तळाशी ही दोन तोंडं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असलं की खिडकीला फळ्या लावून बुरूज अर्धा दिवस कोरडा करता येतो. पावसाळ्यात तळं भरलं की फळ्या पाण्याच्या जोरापुढे धरत नाहीत. बोळा मारायला भिवरालाच बोलावलं, कारण त्या बुरुजात उतरायची वाट तिलाच पाठ होती.

ती खाली उतरली. चिंध्या आणि माती कालवून तिने बोळा मारला, जसा सांगितला होता तसा. फळ्या काढल्या, पाणी आलं, आणि बांधापलीकडे गावाच्या तोटीतून एक बारीक धार झिरपत राहिली. सुतासारखी. आठ दिवसांच्या बोळ्याला एवढं चालतं. तिने तसंच ठेवायला हवं होतं. हजार वेळा म्हणतो मी, तसंच ठेवायला हवं होतं!

वर बांधावरून शहराचे गवंडी बघत होते. त्यातला एक हसून म्हणाला, "काय भिवराबाई, तुमचा सांधा गळाय लागला की!"

बाकीचे हसले. चेष्टाच होती, वाईट मनाने नव्हती. पण ज्या बाईने तीन कोसांत एक सांधा ओला ठेवला नाही, तिला ती धार बघवेना. तिने पुन्हा फळ्या लावायला सांगितल्या आणि बोळा ओढून काढला. शहराच्या नळाच्या डागडुजीसाठी दळलेला चुना तिथे तयारच होता. तो घेऊन तिने गावाच्या तोंडात हातभर आतपर्यंत पक्का ठासला, तागासकट, तेलासकट. मग पाणी सोडलं आणि पलीकडे जाऊन राख भुरभुरली. राख कोरडी राहिली. गवंड्यांनी मान डोलावली. ती खूश होऊन घरी आली आणि आईला म्हणाली, "आता थेंब सुटायचा न्हाई. नवव्या दिशी मीच फोडीन."

वाईट काम करता येत नाही, हा तिचा दोष. चांगल्या कारागिराने एकदा तरी वाईट काम करायला शिकून ठेवावं.

नवव्या दिवशी ती छिन्नी-हातोडा घेऊन बुरुजावर गेली, तर तिथे शहराचा शिपाई. पाहुणे अजून आहेत, पंतांनी थांबायला सांगितलंय. बाराव्या दिवशी गेली. व्याही थांबलेत. विसाव्या दिवशी राणोजी पाटील स्वतः शहरात गेला. पंतांनी त्याला सुपारी दिली, घोंगडीवर बसवलं आणि म्हणाले, "पाटील, आता मृग तोंडावर आलाय. फळ्या लावून बुरूज उपसायचा म्हणजे शहराचं पाणी तुटतं. एकदा पाऊस होऊ द्या, मग बघू."

पाऊस झाला. तळं भरलं. आता फळ्या धरेनात. पंत म्हणाले, "तळं जरा उतरू द्या, मग बघू." तळं उतरेपर्यंत पुढचा वैशाख आला. चुना दगड झाला होता. गवंडी उतरले, ठोकून बघितलं आणि वर येऊन म्हणाले की पंधरा दिवस छिन्नी चालवावी लागेल आणि तोवर शहर कोरडं राहील. वैशाखात पंधरा दिवस शहर कोरडं? पंत म्हणाले, "एकदा पाऊस होऊ द्या, मग बघू."

बघा तुम्हीच. तळं भरलं की तोंड पाण्याखाली आणि तळं आटलं की शहराला तहान. त्या दोहोंच्या मध्ये सातझरीचा दिवस कधी येणारच नव्हता. पंत कधी 'नाही' म्हणाले नाहीत हं. एकदाही नाही. 'नाही' म्हणाले असते तर पाटलाने निदान भांडण तरी मांडलं असतं.

पहिलं वर्ष गाव बांधावर चढून तळ्यातून घागरी भरत होतं. मळे गेले, मातीचं काम बसलं, पण पिण्यापुरतं होतं. मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. तळ्याचा तळ दिसायला लागला आणि शहराने तळ्यावर पहारा बसवला. तळ्याचं पाणी शहराचं, त्यात कोणी हात घालायचा नाही. सातझरीची माणसं बांधाखाली उभी राहून बांधामागचं पाणी नुसती हुंगायची, असं माझी आजी सांगायची. गुरं आधी गेली. मग एकेक घर उठायला लागलं. ज्याला पाणी हवं त्याने तीन कोस चालून शहरात जायचं आणि या हौदावर उभं राहायचं. तिथे नियम झाला होता की आधी शहराचं भरून होईल, मग बाहेरच्यांचं. बाहेरच्याने घागर खाली ठेवून शहरातल्या माणसाला विचारायचं, "घेऊ का?" त्याने 'घे' म्हटलं तरच बुडवायची.

भिवराची आई सोनाई गाव सोडायला तयार नव्हती. गावच्या तोटीखाली दगडाची डोणी होती, तिथे ती सकाळपासून बसायची आणि कोरड्या तोटीत बोटं घालून चाचपायची. "आलं का गं भिवरे?" दर सकाळी हाच प्रश्न. ज्या हाताने ठासलं तो हात भिवरा पदराखाली लपवून बसायची म्हणे. गावातलं कोणी तिला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

एका सकाळी सोनाईची जीभ टाळ्याला चिकटली, शब्द फुटेना. भिवरा घागर घेऊन निघाली. तीन कोस चालून उन्हं तापायच्या आत हौदावर आली. हौद भरलेला होता. वर्षानुवर्षं तिच्या सांध्यांमधून आलेलं ते पाणी. बायका भरत होत्या. भिवराने घागर खाली ठेवली आणि पहिल्या बाईला विचारलं, "घेऊ का?"

"थांब की जरा, आमचं होऊ दे."

ती थांबली. दुसरीला विचारलं. "आत्ता कुठं आलीस, मागं हो." तिसरीला विचारलं. तिने उत्तरच दिलं नाही. मग ठमाबाई आली, कासार पेठेतली तीच. भिवराच्या जिवात जीव आला. "ठमाबाई, मी भिवरा. आई आजारी हाय. एक घागर घेऊ का?"

ठमाबाईने ओळखलं होतं. पुढे मरेपर्यंत ती हेच सांगत राहिली की मी ओळखलं होतं. पण मागे रांग होती, कोणी बोललं असतं, आणि आपल्या घरचा हंडा अर्धाच भरला होता. ती म्हणाली, "थांब गं, सगळ्यांसारखी."

दुपार झाली. ऊन कललं. भिवरा येईल त्याला विचारत राहिली. शेवटी सावल्या लांबल्या तेव्हा एका शिपायाने कंटाळून 'घे' म्हटलं. घागर डोक्यावर घेऊन ती तीन कोस मागे धावली. सोनाई डोणीशीच होती. हात तोटीत अडकलेला आणि अंग थंड.

आईला माती देऊन दुसऱ्या दिवशी ती परत हौदावर आली. तीच घागर, भरलेली, थेंबही न सांडलेली. रांग लागली होती. तिने कोणाला काही विचारलं नाही. घागर हौदात ओतली आणि म्हणाली, "तुमचं पाणी तुम्हांला. आता तुम्ही विचारा, आन् मी थांबा म्हणते."

मग छिन्नी-हातोडा घेऊन ती बुरुजाकडे गेली. पहाऱ्यावरच्या शिपायाने तिला अडवलं नाही. का अडवलं नाही ते त्यालाही सांगता आलं नाही. तिने फळ्या मागितल्या नाहीत, तशीच पाण्यात उतरली. आतून ठोकल्याचा आवाज ऐकू येत होता. एक, दोन, तीन, असा दिवसभर. संध्याकाळी थांबला. वर कोणी आलं नाही, आणि खाली शोधलं तर कोणी सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा हौद कोरडा होता.

पंतांना वाटलं, बाईने सूड म्हणून शहराचं तोंड बुजवलं. माणसं उतरली. तोंड मोकळं, स्वच्छ. पाणी आत जाताना दिसत होतं. सगळ्या उसाशांवर, म्हणजे नळाच्या वाटेवर हवा सुटायला जे मनोरे बांधलेत त्यांच्यावर, कान लावून बघितलं. आत खळखळ चालू होती. तीन कोसांत एक सांधा गळत नव्हता, कुठे जमीन ओली नव्हती. पाणी आत जात होतं आणि बाहेर येत नव्हतं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. श्रीमंतांच्या घरचे रांजण संपले. मुलं रडायला लागली. शहराला तहान म्हणजे काय ते कळलं, तीन दिवसांपुरतं.

चौथ्या दिवशी ठमाबाई कोरडा हंडा घेऊन आली. लोक म्हणाले, म्हातारी भ्रमिष्ट झाली. ती त्या पायरीवर बसली, जिथे तिने भिवराच्या ओंजळीत पाणी ओतलं होतं. हंडा कोरड्या दगडाला टेकवला आणि रडत म्हणाली, "भिवरा, घेऊ का गं?"

बराच वेळ काही झालं नाही. ती तशीच बसून राहिली. मग हौदात पाणी सोडणाऱ्या त्या गोमुखातून आधी हवा आली, मग बोटाएवढी धार, मग पाणी.

आता मला सांगा, यावरून शहर काय शिकलं असेल?

चिंतोपंतांनी दवंडी पिटवली. आजपासून हौदावर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाने भिवराला विचारूनच भरावं. शहराने हुकूम एका दिवसात पाळला, कारण विचारायला काही लागत नव्हतं. मग कोपऱ्यात ते देऊळ बांधलं. बाईला शेंदूर लावला, 'भिवराई' नाव दिलं. अक्षय तृतीयेला विधवेची खणा-नारळाने ओटी भरायला लागले, जिच्या ओटीला जिवंतपणी बिचकले होते. सगळं केलं. सातझरीचं तोंड तेवढं उघडलं नाही. राणोजी पाटील शेवटचं विचारायला गेला तेव्हा पंत देवळाच्या कळसाचं बघत होते. म्हणाले, "पाटील, एकदा पाऊस होऊ द्या." पाटील तिथून घरी गेलाच नाही. उरलेली चार घरं घेऊन तो शहरात आला आणि वेशीबाहेर राहिला. तीच आमची सातझरी आळी. पाणी सगळ्यात शेवटी तिथे पोचतं. व्हॉल्व्ह मीच फिरवायचो, म्हणून मला ठाऊक आहे.

तुमच्यातल्या बाईंनी मघाशी विचारलं, आता का उघडत नाहीत ते तोंड? सरकारी दप्तरात सातझरी बेचिराख गाव आहे. दिवा नाही, वस्ती नाही, मग पाणी कोणाला द्यायचं? तरी मी नोकरीत असताना अर्ज केला होता. साहेब भले होते. चहा दिला, अर्ज नीट वाचला. म्हणाले, "सातझरकर, चांगली कल्पना आहे. एकदा पावसाळा होऊ द्या, मग बघू." त्यांना गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांच्या तोंडून आपोआपच आलं ते.

दहा वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला तेव्हा बुरूज उघडा पडला होता. मी खिशात घरून राखेची पुडी घेऊन गेलो. शिडीने खाली उतरलो. गावाच्या तोंडाशी छिन्नीचे टवके दिसतात, बोटभर खोल, एकाशेजारी एक. तेवढंच फुटलं तिच्याने. स्वतःचा सांधा तिलाच फुटला नाही. नंतर बांधाला वळसा घालून पलीकडे गेलो. तोटीत हात घातला आणि राख भुरभुरून बसलो. पावसाळाभर तिकडे जात राहिलो, तळं काठोकाठ भरेपर्यंत. राख कोरडीच राहिली. असं काम आता कोणाच्या बापाला जमायचं नाही. मला त्या कामाचा अभिमान वाटतो आणि त्या पावसात बांधाखाली बसून मी रडलोही होतो, दोन्ही सांगतो.

आजही या हौदावर विचारल्याशिवाय गावातलं कोणी पाणी भरत नाही. आजही सातझरीच्या डोणीत पानगळ साठते आणि तोटी कोरडी असते. आता निघताना तुम्हीही पुन्हा बाटल्या भराल, या वेळी विचाराल. विचारा. पण विचारून झालं की जरा थांबून बघा, ती काय म्हणते ते ऐकायला. एकतीस वर्षं नोकरीत आणि नंतरची ही सगळी वर्षं मी इथे बसून बघतोय. विचारतात सगळे, पण घागर न बुडवता थांबलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.